शब्दांचे उलटे सोवळे

गेल्या मार्गशीर्षातील गोष्ट. गोत्रीत आमच्या वसाहतीच्या सभागृहात आपल्या मंडळाची मासिक बैठक भरली होती. रावपुरा, दांडिया बाजार, घडियाळी पोळ येथील वाडे सोडून अनेक मराठी कुटुंबे शहराच्या या पश्चिम टोकाला येऊन राहिली, तेव्हापासून बैठकाही अधूनमधून इकडे होऊ लागल्या आहेत. त्या दिवशी विद्यापीठात शिकणाऱ्या एका मुलीने आपल्या आजीवर लिहिलेला लेख वाचून दाखविला. आजी रावपुऱ्यातल्या वाड्यात साठ वर्षे नांदलेली. तिने शेजाऱ्यापाजाऱ्यांना बहाल केलेल्या पदव्या लेखात जागोजाग होत्या. समोरचे वकील ‘दोढडाह्या’, उठता-बसता डोळ्यांत पाणी आणणारा धाकटा दीर ‘वेवला’, नको त्या वेळी थट्टा करणारा भाडेकरू ‘वायडा’ आणि हिशेबातल्या एका आण्यासाठी पुन्हा जिना चढून येणारा किराणावाला ‘चीकणा’. श्रोते मनापासून हसले. दोन-तीन वृद्ध भगिनींनी पदराने डोळेही टिपले.

वाचन संपल्यावर एक ज्येष्ठ सदस्य उठले. लेखाची भावना चांगली आहे, असे सांगून त्यांनी सुरुवात केली, आणि सरकारी नोकरीत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला अशा सुरुवातीचा शेवट ठाऊक असतो. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : ही भाषा भेसळीची आहे, यातले निम्मे शब्द गुजराती आणि उरलेले बाजारू आहेत, माणसांना नावे ठेवणारे शब्द घरात कानावर पडतात ते पडोत, साहित्याच्या देव्हाऱ्यात त्यांना जागा नको, सबब लेख पत्रिकेत घ्यायचा झाल्यास ते शब्द काढून त्याजागी ‘अतिशहाणा’, ‘भावनाप्रधान’, ‘विनोदी’ आणि ‘काटकसरी’ असे शब्द घालावेत. मुलीने कागदांची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. आम्ही कोणी काही बोललो नाही. मीही बोललो नाही, हे प्रथमच कबूल करतो.

पुढे आभारप्रदर्शनही त्याच सदस्यांकडे होते. जाता जाता त्यांनी वडीलधाऱ्यांना एक हिताची सूचना केली. दूरध्वनीवरून बँकेची माहिती विचारणाऱ्यांपासून सावध राहा, हल्ली भामट्यांचा सुळसुळाट झाला आहे. सर्वांनी माना डोलावल्या. या शब्दाला कोणाचाही कान अडला नाही, माझाही नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र तो एकदम खटकला आणि झोप गेली. या लेखाचे कारण तेच.

पहिल्या आक्षेपाचा निकाल आधी लावू. ‘वेवलो’ हा गुजराती शब्द आहे, मान्य. परंतु आजी ‘वेवलो’ म्हणत नव्हती, ‘वेवला’ म्हणत होती; ‘वेवल्याला सांगितले’, ‘वेवल्याने पुन्हा तेच केले’ असे म्हणत होती. ज्या शब्दाला मराठीचे सामान्यरूप झाले, मराठीची विभक्ती लागली, तो मराठीच्या घरात जेवायला बसला. त्याचे माहेर कोणते, ही चौकशी सोयरीक जुळविताना ठीक; नातवंडे झाल्यावर ती करणे शोभत नाही. शिवाय ‘वेवला’ म्हणजे ‘भावनाप्रधान’ नव्हे. भावनाप्रधान माणसाविषयी आदर असू शकतो. वेवल्याच्या भावनेत एक ओलसर बावळटपणा असतो, आणि तो दुसऱ्याच्या वेळेवर पोसला जातो. मराठीत मला याला नेमका प्रतिशब्द सापडत नाही. ‘भाबडा’ त्याहून निर्मळ, ‘बावळट’ त्याहून कोरडा. ‘चीकणा’चे ‘काटकसरी’ केल्यावर तर किराणावाल्याचा सत्कारच झाला म्हणावयाचा! (मुंबईहून आलेल्या एका पाहुण्याने आमच्या घरी एका नटाला ‘चिकना’ म्हटले, तेव्हा माझ्या मावशीने त्या नटाच्या कंजूषपणाची तपशीलवार चौकशी केली होती. असो.)

‘दोढडाह्या’ची कथा याहून रंजक आहे. गुजरातीत ‘डाह्यो’ म्हणजे शहाणा आणि ‘दोढ’ म्हणजे दीड. मराठीत आपण ‘दीडशहाणा’ म्हणतो. शब्दाला शब्द, अपूर्णांकाला अपूर्णांक! कोणी कोणाकडून घेतला याचा वाद घालण्यापेक्षा दोन्ही भाषांनी एकच तराजू वापरला आहे हे पाहावे. माणसाचे शहाणपण एक असावे; अर्ध्यावर राहिला तर ‘अर्धवट’, दीडावर गेला तर ‘दीडशहाणा’. आमच्याकडे पोळीतल्या पोरांना आजही ‘बहु दोढ ना था’ असे दटावतात. त्यात शहाणपणाचा उच्चारही नाही, नुसता आकडा पुरतो. ‘अतिशहाणा’ या शब्दात हे माप नाही. तो शब्द चुकीचा नव्हे, पण त्याने वजन सांगितले नाही, ‘पुष्कळ’ म्हणून मोकळा झाला.

शुद्धीचा आग्रह बडोद्याने धरावा, याचे मला विशेष नवल वाटते. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आज्ञेने १९३१ साली येथे ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ सिद्ध झाला, त्यात राज्यकारभाराचे शब्द इंग्रजी, गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली अशा आठ भाषांत शेजारी शेजारी मांडलेले आहेत. शेजार विटाळतो असे त्या संस्थानाला वाटले नाही. शिवकाळातील राज्यव्यवहारकोशाचे उदाहरण शुद्धीचे पुरस्कर्ते हटकून देतात. तेव्हा फारसी शब्द काढून संस्कृत योजले, हे खरे. परंतु तो कोश दरबाराच्या व्यवहाराचा होता. पदे, खाती, शस्त्रे, वस्तू यांची नावे राजाज्ञेने बदलता येतात. शेजाऱ्याला काय म्हणावे याची आज्ञा अद्याप कोणत्याही दरबारातून सुटलेली नाही. म्हणून तर ‘वल्ली’ टिकला. अरबीत तो ईश्वराच्या निकटचा साधुपुरुष. मराठीने त्याला विक्षिप्त आणि तरीही लोभस माणसाची जागा दिली, आणि पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ला १९६५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तेव्हा त्या नावातला अरबी शब्द कोणी काढावयास सांगितला नाही. ‘इरसाल’ हाही अरबी, आणि माझ्या जुन्या खात्याचा. सरकारी खजिन्यात पाठवावयाचा भरणा तो इरसाल. खजिन्याकडे जाणारे नाणे पारखून घेतलेले असते. एखाद्या पक्क्या बनेल गृहस्थाकडे पाहून कोण्या कारकुनाला त्या पारखलेल्या नाण्याची आठवण झाली असेल, तर तो कारकून कवी होता असे मी म्हणेन.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : माणसाला नावे ठेवणारा शब्द मुळातच हलका. या विचाराला समर्थांचाच आधार निघत नाही. दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांचा आहे आणि दहावा पढतमूर्खाच्या लक्षणांचा. एवढा पसारा समर्थांनी मांडला तो कोणाला हिणवण्याच्या हौसेने नव्हे. ‘पढतमूर्ख’ या माणसाला गुजरातीत ‘वेदियो’ म्हणतात. ज्ञान भरपूर आणि व्यवहार शून्य. समर्थांच्याच शतकात अहमदाबादेकडे अखो नावाचा सोनार आपल्या छप्प्यांतून ढोंगी पंडितांचे आणि बुवांचे असेच वाभाडे काढीत होता. वागणुकीचे नाव नेमके ठेवणे ही समाजाची एक गरज आहे.

ती गरज मला पुस्तकातून कळली नाही, आणि जेथे कळली ती जागा अभिमानाची नाही. नोकरीत असताना माझ्याकडे हाताखालच्या लोकांचे खानगी अहवाल लिहिण्याचे काम असे. त्या अहवालांची एक भाषा असते. कामगिरी समाधानकारक, वर्तणूक चांगली, प्रामाणिकपणा शंकेपलीकडे. वर्षानुवर्षे मी ही वाक्ये लिहिली, आणि आज त्यांतल्या एकाही वाक्यावरून मला कोणाचा चेहरा आठवत नाही. एका कार्यालयात एक कर्मचारी होता. तो कोणाला नाही म्हणत नसे आणि कोणाचा कागद पुढेही जाऊ देत नसे. एक त्रुटी काढून कागद परत करायचा, ती भरून आणली की दुसरी. पहिल्याच आठवड्यात पट्टावाळ्याने चहा ठेवता ठेवता मला सांगितले, ‘साहेब, ए बहु चीकणो छे.’ मी त्याला दटावले. सहकाऱ्यांविषयी असे बोलू नये म्हणून! वर्षअखेरीस मी अहवालात लिहिले : काळजीपूर्वक काम करणारे, नियमांचे जाणकार. या शेऱ्याच्या बळावर त्यांच्याकडे कुटुंबनिवृत्तिवेतनाची प्रकरणे सोपविली गेली. पुढच्या वर्षी एक विधवा बाई मला भेटावयास आली. तिचे प्रकरण चौदा महिने पडून होते. नवऱ्याच्या नावात एका ठिकाणी एक वेलांटी ऱ्हस्व होती, दुसऱ्या ठिकाणी दीर्घ. आदेश मी त्याच दिवशी काढविला, पण तोपर्यंत तिने शिलाईचे यंत्र विकले होते आणि थोरल्या मुलाला शाळेतून काढून कामास लावले होते. तो मुलगा तिच्याबरोबर आला होता. बाहेरच्या बाकड्यावर बसला होता.

पट्टावाळ्याने जे चार शब्दांत सांगितले ते मला साऱ्या नमुन्यात लिहिता आले नाही, कारण माझ्या शिष्ट भाषेत ‘चीकणा’चे भाषांतर ‘काळजीपूर्वक’ असे होत होते. आपल्या सदस्यांनी सुचविलेले ‘काटकसरी’ त्याच वंशातले आहे. देवदत्त यांच्या प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक शेरा कर्मचाऱ्यास कळविला पाहिजे, असा निर्णय दिला. निर्णय न्याय्यच होता. त्यानंतर शेरे आणखी गुळगुळीत झाले, हा माझा अनुभव आहे.

आता ‘भामट्या’कडे येतो.

हा शब्द आपण वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत वाचतो, भाषणांत वापरतो, कोशांत तो मानाने बसला आहे. त्याला कोणी बाजारू म्हणत नाही, भेसळीचा तर नाहीच. पण भामटा हे एका जमातीचे नाव आहे. महाराष्ट्र शासनाच्या विमुक्त जातींच्या यादीत ते आजही आहे, राजपूत भामटा हे नावही आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, त्याखाली पुढे देशभरच्या अनेक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. त्यांतल्या माणसाने पोलीस ठाण्यात हजेरी द्यावी, परवानगीवाचून गाव सोडू नये, अशी व्यवस्था झाली. स्वतंत्र भारताने १९५२ साली तो कायदा रद्द केला. कायदा गेला, मथळा राहिला. ‘उचल्या’ शब्दाचेही तेच. लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ साली आपल्या आत्मकथनाला तेच नाव दिले, तेव्हा मराठी वाचकाने पुस्तकाचा गौरव केला. साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. १९९८ साली महाश्वेता देवी, डॉ. गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्त व भटक्या जमातींच्या हक्कांसाठी संघटन उभे केले, ते कोठे? येथेच, बडोद्यात. आणि त्याच गावात आपण आभारप्रदर्शनात हा शब्द वापरतो आणि आजीचा ‘वेवला’ काढून टाकतो.

गुजरातीचा दोषही झाकण्याचे कारण नाही. अस्वच्छ किंवा भांडखोर माणसाला येथे ‘वाघरी’ म्हणतात. दातण, भाजी विकणारा, जुने कपडे फिरवणारा हा समाज आज स्वतःस देवीपूजक म्हणवतो. गुजरातच्या विमुक्त जमातींच्या यादीत त्याचे नाव आहे. माझ्या एका कार्यालयात या समाजातला एक तरुण तलाटी परीक्षा देऊन आला होता. मधल्या सुट्टीत दोघांचे भांडण चालले असता तिसऱ्याने ‘वाघरीवेडा बंद करा’ म्हणून ओरडून सांगितले. बोलणाऱ्याच्या मनात काही नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. तो तरुण कप खाली ठेवून उठला आणि पुढे दीड वर्ष, बदली होईपर्यंत, त्याने चहा आपल्या टेबलावरच घेतला. ‘चीकणो’ म्हणणाऱ्या पट्टावाळ्याला दटावणारा अधिकारी तेव्हाही त्याच खोलीत होता आणि त्याने या वेळी कोणाला दटावले नाही.

कोणी म्हणेल, शब्दाचा मूळ अर्थ आता कोणाच्या ध्यानात आहे? ज्याच्या जातीच्या दाखल्यावर तो छापलेला असतो त्याच्या ध्यानात आहे. असे दाखले मी सहीने दिलेले आहेत. आणि भामटा काढला तर मराठी उघडी पडेल अशी भीतीही नको. लबाड, लुच्चा, ठकसेन, बनेल, बिलंदर एवढे तर आहेतच, शिवाय कायद्याच्या पुस्तकातून रस्त्यावर उतरलेला ‘चारसोबीस’ आहे. भारतीय दंड संहिता १ जुलै २०२४ रोजी निवृत्त झाली, फसवणुकीचे कलम नव्या न्याय संहितेत ३१८ वे झाले. पण ‘तीनशे अठरा’ म्हणून कोणी कोणाला शिवी दिल्याचे ऐकिवात नाही. या शब्दात माणसाची जात नाही, त्याने केलेला गुन्हा आहे.

ही केवळ आपली खोड आहे असेही नव्हे. माझा एक भाचा काही वर्षे हाँगकाँगला नोकरीस होता. तेथील कँटोनीज बोलीतले माणसांचे शब्द तो हौसेने गोळा करी. कंजूष माणसाला तेथे ‘गू-हॉन’ म्हणतात, शब्दशः ‘एकाकी आणि थंड’. चक्रमाला ‘ची-सिन’, म्हणजे ज्याच्या तारा एकमेकींना चिकटल्या आहेत असा. ऐकताच माणूस दिसतो. परंतु गोऱ्या परक्या माणसाला त्याच बोलीत ‘ग्वायलो’ म्हणतात, भूत-माणूस. त्यात त्या बिचाऱ्याने काही केलेले नसते, तो गोरा जन्मलेला असतो. आणि लुडबुड करणाऱ्या बाईला ‘बात-पो’, शब्दशः ‘आठ-बाई’. आपला दीड आणि त्यांचा आठ. आकड्यांची ही आवड पाहून मला गंमत वाटली.

हा मजकूर पत्नीला वाचून दाखविला, तेव्हा गंमत तेथेच थांबली. तिने विचारले, लुडबुड्या पुरुषासाठी तिकडे असा शब्द आहे का? मग ती आपल्या घरच्या शब्दांकडे वळली. सटवी, अवदसा, कैदाशीण, भवानी. यांचे पुल्लिंग सांगा म्हणाली. सटवाई आणि भवानी या तर देवी. देवाचे नाव घेऊन पुरुषाला शिवी दिल्याचे एक उदाहरण द्या. मला देता आले नाही. फटकळ बाई तोंडाळ ठरते आणि फटकळ पुरुष स्पष्टवक्ता, हेही तिने नोंदवून ठेवावयास सांगितले, म्हणून नोंदवितो. आजीच्या लेखातही, आता आठवते, धाकट्या जावेसाठी एक ‘सटवी’ होती. त्यावर आपल्या ज्येष्ठ सदस्यांचा आक्षेप नव्हता. शब्द अस्सल मराठी होता.

व्यंगावरून पडलेली नावे, काणा, तोतरा, लंगडा, यांविषयी वेगळे लिहीत नाही. ती याच पंक्तीत बसतात. माणूस जे करतो त्यावरून त्याला नाव पडावे, आणि ते टोचावे इतके नेमके असावे. जे तो करीत नाही, नुसता असतो, त्यावरून पडलेले नाव कितीही अस्सल, कितीही कोशमान्य असो, लिहिताना हात थांबावा. आपल्या मंडळात गाळणी याच्या अगदी उलट चालते. गुजराती वासाचा, स्वयंपाकघरातला, ओट्यावरचा शब्द आपण अडवितो. जन्मावर बोट ठेवणारा शब्द शुद्ध वेशात आला की त्याला पहिल्या रांगेत खुर्ची देतो.

या सगळ्यावर एक उत्तर मी अपेक्षितो. नव्या पिढीला हे शब्दच नको आहेत, ती ‘टॉक्सिक’ आणि ‘बोअर’ यांवर भागविते, मग आपण कशाला भांडावे? पिढीवर हा आरोप मला अन्यायाचा वाटतो. त्या बैठकीत ‘दोढडाह्या’ शब्द आणला तो वीस वर्षांच्या मुलीने, आणि तो काढावयास सांगितला तो सत्तरीच्या गृहस्थांनी. उद्या तिने वकिलांना ‘टॉक्सिक’ म्हटले तर त्याचा दोष तिच्याकडे जाऊ नये.

सबब संपादक मंडळास माझी विनंती आहे की, तो लेख आजीच्या शब्दांसह, एकही न बदलता, पुढील अंकात घ्यावा. ‘दोढडाह्या’ला अवतरणचिन्हे घालू नयेत आणि तळटीपही देऊ नये, बडोद्यात ती कोणाला लागणार नाही. ‘सटवी’चे काय करावे हे लेखिकेलाच विचारावे; आजी तिची आहे. गेल्या दोन वर्षांच्या अंकांत माझ्या स्वतःच्या लेखांतून ‘भामटा’ तीन वेळा आला आहे. मी अंक काढून मोजले. तेवढी शुद्धी माझ्या नावाने, शक्य तर पहिल्याच पानावर, छापावी. मुलीचा पत्ता कार्यवाहांकडे आहे. लेखाची प्रत मागावयास मी स्वतः जाण्यास तयार आहे.